फजितीच्या पटावरचं रिकामं घर

९ फेब्रुवारी

ताई,

'साष्टांग नमस्कार' लिहायला घेतला, पण तो वाचून तू कशी नाक मुरडशील ते डोळ्यांसमोर आलं आणि खोडला. वरची गिचमिड तीच आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की बरोबरची एक खूण येते, दुसरी उमटतच नाही. तू मला बंद करून टाकलं आहेस हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला, आणि मी पोट भरते ते मोबाइलचे खेळ बनवून! शेवटी पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. तिथे लक्षात आलं, तुझा पत्ता मला पाठ नाही. अप्पांना विचारला. त्यांनी पिनकोडसकट सांगितला आणि फोन ठेवला.

मुद्द्यावर येते. तुझा गैरसमज झाला आहे. अप्पांच्या पटाचा मोबाइलवर खेळ करायला अप्पांनी परवानगी दिली होती. तुलाही मी विचारलं होतं. 'करा काय करायचं ते,' असं म्हणाली होतीस, आठवतंय ना?

हे सुरू झालं ते आमच्या साहेबांच्या बोलण्यावरून. बैठकीत ते म्हणाले, "लाकडी पटावरचे खेळ आता खेळतं कोण? म्हातारी माणसं, नाहीतर वीज गेलेली माणसं." सगळे हसले. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी अप्पांचा पट चादरीत गुंडाळून बसमधून ऑफिसात नेला आणि टेबलावर आपटला. सगळं सांगितलं. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, घरातला टीव्ही बिघडला तेव्हा एका नाकारलेल्या पाटीच्या मागे त्यांनी शंभर घरं आखली, आणि मधूनमधून एकेका घरात आमच्यापैकी कुणाची तरी फजिती रंगवली. अप्पा शिडीवरून थेट पिवळ्या रंगाच्या डब्यात बसले, ते बारावं घर. किल्ली आत ठेवून आईने दार ओढून घेतलं, ते सत्ताविसावं. शाळेच्या नाटकात मी झाड झाले होते आणि उभ्याउभ्या झोपून राजावर कोसळले, ते साठावं. फासा टाकायचा, फजितीत पडलात की मागे जायचं. लोक पोट धरून हसले, ताई. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला काय वाटलं असेल तूच सांग.

पटाचे ते दोन नियम मात्र बैठकीत सांगायचे राहिले. ज्याची फजिती त्याने हो म्हटल्याशिवाय चित्र काढायचं नाही, हा पहिला. आणि किती घरं मागे जायचं ते, त्या फजितीने ज्याला मनस्ताप झाला, त्याने ठरवायचं. किल्लीच्या घराला अप्पांनी सात सांगितली होती, कारण खिडकीतून आत चढले होते तेच. मला वाटलं, हे आपले घरगुती नियम. खेळाशी त्यांचा काय संबंध?

राहता राहिलं एक्केचाळिसावं घर. ते आमच्या चित्रकार मुलांनी भरलं. मोबाइलवर रिकामं घर चालत नाही म्हणे. मी त्या आठवड्यात तापाने घरी होते. आणि खरं सांगायचं तर बसस्टँडवर बॅग घेऊन वाट बघत बसलेली मुलगी जगात कुणीही असू शकते. तू उगाच अंगावर ओढून घेते आहेस.

त्या घरात पडल्यावर जो आवाज वाजतो, त्याबद्दल त्या दिवशी फोनवर तू एकच विचारलंस, "तो आवाज कुणी निवडला?" आवाज आवाजवाले निवडतात, ताई. त्यांचा विभागच वेगळा आहे, वरच्या मजल्यावर.

राग आला असेल तर दोन शिव्या घाल, पण फोन उचल.

तुझी,
धाकटी


२ मार्च

ताई,

काल अप्पांकडे गेले होते. त्यांनी मला बिट्टीचं सांगितलं.

मला माहीत नव्हतं. तुझी लेक तो खेळ खेळते हेच मला माहीत नव्हतं. आणि तिने जेवताना फोन तुझ्यापुढे धरला, 'आई, ही बघ कशी बावळट' म्हणून हसली, आणि मग हसता हसता थांबून कपाटावर बघितलं. हिरवी बॅग. तुटलेल्या कडीच्या जागी पडद्याची दोरी बांधलेली. ती बॅग तू अजून टाकली नाहीस हेही मला माहीत नव्हतं. "आई, ही तू आहेस?" तिने भाऊजींसमोर विचारलं, असं अप्पा म्हणाले. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

तेव्हा आता जगात कुणीही असू शकते वगैरे मी बोलणार नाही. चित्रकार मुलांना काय स्वप्न पडलं होतं? त्यांना मी सांगितलं.

कसं ते ऐक. खेळ तयार व्हायच्या आधी बाहेरची माणसं बोलावतात, त्यांच्या हातात फोन देतात आणि काचेपलीकडून आम्ही बघतो. कोण कुठे हसतो, कुठे कंटाळतो. तुझ्या घरात आले की सगळे थबकायचे. काहीच होत नाही म्हटल्यावर बोटाने टकटक करायचे, मग फोन खाली ठेवायचे. साहेब मला म्हणाले, "हे घर मेलेलं आहे. तुमच्या वडिलांनी रिकामं का सोडलं?"

का सोडलं ते तुलाच माहीत. अप्पांनी एकदा ब्रश हातात घेऊन तुला विचारलं होतं, "काढू का गं?" तू ताटावरून मान वर न करता नाही म्हणालीस. अप्पांनी तिथे नुसता पांढरा रंग दिला. त्यानंतर त्या घरात कुणाची सोंगटी पडली की कुणीच काही बोलत नसे. आई नुसतं म्हणायची, "बसा दमानं." मग पुढचा फासा टाकायचा. एवढंच. लहानपणी मला तेच घर सगळ्यांत आवडायचं, का ते कळायचं नाही.

साहेबांना मी म्हणू शकले असते, की ते तसंच असतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "तिथे माझ्या बहिणीची गोष्ट होती," म्हणाले. आणि सांगून टाकली. चिठ्ठी ठेवून तू घरातून गेलीस, सकाळपासून दिवे लागेपर्यंत स्टँडवर बसलीस, तो आलाच नाही, आणि अप्पांनी सायकलवर मागे बसवून तुला घरी आणलं. मी सांगत होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. बैठकीत माझं कधी कुणी ऐकत नाही, ताई. तो मोह झाला.

झाकली मूठ होती. तू इतकी वर्षं झाकून धरली होतीस. मी ती तुझ्या पाठीमागे उघडली. मला लाज वाटते. याहून चांगला शब्द शोधत होते, मिळाला नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. हे वाच मात्र.

धाकटी


२३ मार्च

ताई,

चांगली बातमी आहे. एक्केचाळिसावं घर खेळातून काढून टाकायला लावलं! कालपासून ते पुन्हा पांढरं झालं आहे. बिट्टीला सांग, खेळ नव्याने उतरवून घे म्हणावं, म्हणजे दिसेल. साहेबांशी मी चांगली भांडले. 'माझ्या बहिणीची अब्रू आहे' म्हणून टेबलावर हात आपटला. त्यांना माघार घ्यावी लागली.

म्हणून म्हटलं, ताबडतोब कळवावं.

आणखी एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात लिहिलं की मी गोष्ट सांगितली आणि मुलांनी चित्र काढलं. ते तसं नाही. चित्र मी काढलं. ताप वगैरे काही नव्हता. बॅगेला दोरी होती हे मुलांना कुठून कळणार? त्यांनी आधी एक चाकांची सुटकेस काढली होती, विमानतळावरची. मी म्हणाले, "अशी नाही. द्या इकडे." आणि काढत बसले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, खिडकीत उभी होते. तू सायकलवरून उतरलीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघायला घाबरले, म्हणून बॅगेकडे बघत राहिले. त्यामुळे ती बॅग मला गाठीसकट पाठ होती. चित्र इतकं हुबेहूब झालं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. अप्पांचा हात आला आहे तुझ्यात, असं मी स्वतःला म्हणाले. बघ, किती खालच्या पायरीवर उभी राहून मी अप्पांचं नाव घेतलं.

खाली 'तो आला नाही! अठरा घरं मागे' ही ओळही माझीच. लोकांना फार आवडली. ते चित्र कापून एकमेकांना पाठवत होते. कुणी उशिरा आलं की ती मुलगी, कुणाचं लग्न मोडलं की ती मुलगी. तुझ्या शाळेतही आलं असेल, शिक्षकांच्या खोलीत. आलं होतं का? नको सांगूस.

पण आता ते काढलं आहे. तेवढं लक्षात घे.

धाकटी


१३ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रातलं भांडण खोटं होतं.

मी साहेबांकडे गेले होते, हे खरं. टेबलावर हात आपटला नाही. दारात उभी राहून हळूच विचारलं, ते घर काढता येईल का. ते म्हणाले, सध्या तेच चालतंय, त्या चित्रावर सही केलीत तेव्हा काही बोलला नाहीत. मी 'बरं' म्हणून परत आले आणि जागेवर बसून डबा खाल्ला. पुढे लोकांना दुसरं काहीतरी सापडलं, कुठली तरी नाचणारी मांजर. आपला खेळ कुणी उघडेना. तेव्हा साहेबच म्हणाले, "जुनं चित्र काढून टाका, शिळं झालं." म्हणजे तुला मी वाचवलं नाही, मांजरीने वाचवलं. ते लिहायची लाज वाटली म्हणून फुशारकी लिहिली. तुला वाटेल ही बाई पत्रातही खोटं बोलते. बोलते. या पत्रात नाही बोलणार.

पट मी अप्पांना परत दिला. ऑफिसात एका कपाटामागे उभा होता, कुणीतरी त्याच्यावर कॉफी ठेवली होती. गोल डाग पडला आहे. अप्पांनी चष्मा लावून तो डाग बघितला, टर्पेंटाइनचा बोळा घेतला, आणि पुसता पुसता म्हणाले, "आता तुझी फजिती सांग. काढू का?"

मी हो म्हणाले. मग ते म्हणाले, "सगळी सांग. अर्धी गोष्ट मला रंगवता येत नाही."

म्हणून जे तुला सांगितलं नव्हतं तेही त्यांना सांगितलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आवाज मी निवडला. आवाजवाल्यांनी दोन-चार पाठवले होते. एक रडका, एक कोंबड्याचा, एक काच फुटल्याचा. आणि एक ट्रम्पेटचा, वरून खाली घसरत येणारा. तुझा तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, हे घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मला ते सुचलं, आणि मी बोट ठेवून म्हणाले, "हा. हाच बरोबर आहे." तुझ्या वाट बघण्याला मी त्याचंच वाद्य लावलं, लोकांनी हसावं म्हणून. तू पहिल्या फोनवर तेवढंच विचारलंस, म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं की एवढं नेमकं दुसरं कुणी करू शकत नाही. आणि मी तुला वरच्या मजल्यावरचा विभाग दाखवत होते.

अप्पांनी ब्रश धुऊन ठेवला. मग त्यांनी मला एक सांगितलं. ते तुला लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं. 'लिही' म्हणाले. आता विचारते मी.

त्या दिवशी तुझी चिठ्ठी वाचून अप्पा दुपारीच स्टँडवर आले होते. तू त्यांना पाहिलं नाहीस. तिकीटखिडकीच्या मागे, आपणच रंगवलेल्या वेळापत्रकाच्या पाटीआड ते उभे होते, संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं, "मग लगेच का नाही आणलंत तिला?" तर म्हणाले, "ती वाट बघत होती ना. मध्येच कसं उठवणार? आणि मलाही वाटत होतं, यावा तो."

त्यांनी चुलीवर दूध ठेवल्यासारखं लक्ष देऊन बघितलं होतं सगळं, आणि पटावर तिथे फक्त पांढरा रंग दिला.

त्यांचा हात आता कापतो. छापील फलक आल्यापासून कुणी पाटी रंगवायला बोलावत नाही, त्यामुळे सवयही गेली आहे. तरी दोन दिवस बसून माझं घर रंगवलं. अठ्ठ्याहत्तरावं. हातात फोन घेतलेली एक बाई, मागे वळून लोकांकडे बघते आहे, की हसतात की नाही. तोंड माझंच आहे. बघवत नाही.

मी विचारलं, "किती घरं मागे?" ते म्हणाले, "ते मी कोण सांगणारा?" आणि आकड्याची जागा मोकळी ठेवली.

धाकटी


४ मे

ताई,

अप्पांनी आज सांगितलं की तू काल त्यांना फोनवर विचारलंस, "पट अजून टेबलावरच आहे का?" माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस, हेही त्यांनी सांगितलं. ठीक आहे. पटाबद्दल विचारलंस ना, मग पटाबद्दलच लिहिते.

आहे. अजून टेबलावरच आहे.

झालं असं. गेल्या रविवारी अप्पांनी खेळ मांडला. औषधाच्या दुकानवाले काका आले, खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. दोघांचेही फोन चपलांजवळ, टोपलीत. हा अप्पांचा नवा नियम. साहेब म्हणायचे, आता खेळतं कोण. त्यांना बोलवायला हवं होतं. काका फासा टाकण्याआधी त्याच्यावर फुंकर मारत होते, मावशी त्यांच्यावर लबाडीचा आरोप करत होत्या, आणि किल्लीच्या घरात काका तिसऱ्यांदा पडले तेव्हा इतका गोंधळ झाला की शेजारच्यांनी भिंत ठोकली. आईची सोंगटी, ते बटण, ती गेल्यापासून ठेवतात तसंच अप्पांनी पहिल्या घरात ठेवलं होतं, ते कुणी हलवत नाही. तुझी सोंगटी, ती पितळी किल्लीही, त्याच्या शेजारी होती.

मावशी तुझ्या घरात पडल्या. त्यांना काहीच माहीत नाही. पांढऱ्या घराकडे बघून म्हणाल्या, "इथे काय करायचं?" अप्पा म्हणाले, "बसा दमानं." आणि त्या खरंच बसल्या. हात मांडीवर घेतले, खिडकीकडे बघितलं. मोबाइलवर याच जागी माणसं टकटक करायची. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण माझी पाळी होती.

मी फासा टाकला. माझा शिंपला मोजत नेला आणि अठ्ठ्याहत्तरावर आला. माझ्याच घरात.

काकांनी वाकून बघितलं. "किती मागे? आकडाच नाही इथे." अप्पा म्हणाले, "यायचा आहे." "कुठून?" "मोठीकडून." काका म्हणाले, "मग तोवर?" अप्पांनी फासा डबीत टाकला, झाकण लावलं आणि म्हणाले, "तोवर खेळ थांबला."

मी म्हटलं, आपण आपला एक आकडा धरून पुढे जाऊ या, नंतर बदलू. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. पुन्हा तेच करत होते बघ. तुझ्या जागी मीच ठरवत होते.

तेव्हापासून पट उचललेला नाही. अप्पा कुणाला हात लावू देत नाहीत. जेवणाचं टेबल तेच, त्यामुळे अप्पा मांडीवर ताट घेऊन जेवतात, आणि मी रोज ऑफिसातून त्यांच्याकडे जाते तेव्हा मीही. काका येता-जाता दारातून डोकावून विचारतात, "आकडा आला का?" धूळ बसू नये म्हणून मी फडकं फिरवते, पण सोंगट्यांच्या मधून मधून, जपून. माझा शिंपला जिथे आहे तिथेच आहे.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागणंही आगाऊपणाचं वाटतं. फोन उचल असंही लिहीत नाही. फक्त आकडा कळव. मला नको कळवायचा तर अप्पांना सांग, ते रंगवतील. किंवा कधी येशील तेव्हा स्वतः रंगव. ब्रश त्यांनी धुऊन ठेवला आहे, पांढऱ्या रंगाची डबी पण उघडून बघितली, वाळलेली नाही.

मोठा सांगितलास तरी चालेल. अगदी पहिल्या घरापर्यंत नेलंस तरी चालेल. तिथे आईचं बटण आहे आणि तुझी किल्ली आहे.

धाकटी